बावीस वर्षांचं उदबत्तीचं घर

माझं अक्षर सुंदर आहे. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघत बसले तर जन्म जाईल. पुण्यात कोणी कोणाला तोंडावर चांगलं म्हणत नाही; फार तर ‘बरं आहे’ म्हणतात आणि विषय बदलतात. पेठेतल्या ज्या वस्तुसंग्रहालयात मी नोकरी केली, तिथल्या प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी माझ्या हातची. पांढरा कार्डबोर्ड, काळी शाई, टाक. मी लागले तेव्हा घरोघरी केबल येत होती आणि कोपऱ्यावरच्या फोनच्या काचेच्या खोपटाबाहेर रांगा लागत होत्या. माझ्या मैत्रिणी कॉम्प्युटरच्या क्लासला गेल्या. मी टाक-दौत घेऊन बसले. आई म्हणाली, “अगं, जग कुठे चाललंय आणि तू कुठे चाललीस?” मी म्हटलं, “अप्पा बळवंत चौकात. टाकाची निबं आणायला.”

संग्रह ज्यांनी केला ते गृहस्थ मी यायच्या आधीच गेलेले. जुन्या बाजारातून, खेड्यापाड्यांतून, मिळेल तिथून त्यांनी पोत्यांनी वस्तू आणल्या होत्या. नोंदवही बघाल तर कप्पाळ! ‘लाकडी वस्तू, नग पाच.’ बस्स. कुठली, कोणाची, कशाची, काही नाही. त्यामुळे नावं ठेवायचं काम आमच्यावर आलं. पद्धत अशी होती: वस्तू टेबलावर ठेवायची, चहा मागवायचा, आणि मी, तेव्हाचे अभिरक्षक आणि शिपाई अशा तिघांनी तिच्याकडे बघत बसायचं. कप रिकामा होईपर्यंत काहीतरी ठरायचं. तिघेही पेठेतले. शेत पाहिलं असेल तर एसटीच्या खिडकीतून.

वरच्या मजल्यावरचं लाकडी वस्तूंचं दालन असंच आमच्या चहावर उभं राहिलं. इतर दालनं आधीपासून होती, हे मात्र मी मांडलं. काचेची कपाटं मी निवडली, दरवर्षी पावसाळा संपला की जवसाचं तेल मी लावत आले. आणि त्यातली माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे उदबत्तीचं घर. सागवानी लाकडाची, पालथ्या वाडग्यासारखी घुमटी, कडेनं कोरलेली पानांची वेल, आणि माथ्यावर तीन भोकं. तीन भोकं म्हणजे तीन उदबत्त्या. त्यात आम्हाला इतकी कमी शंका वाटली की चहा संपायच्या आत नाव ठरलं. एकदा एका गृहस्थांनी विचारलं, “भोकं अंगठ्याएवढी आहेत, उदबत्त्या पडणार नाहीत का?” मी म्हटलं, “पूर्वी उदबत्त्या जाड असायच्या.” ते खाली मान घालून पुढे गेले. माझ्याशी वाद घालणारी माणसं फार वेळ उभी राहत नसत.

मग मॉल आले, मल्टिप्लेक्स आली, आणि आमच्याकडे शाळांच्या सहली सोडल्या तर कोणी फिरकेना. संस्थेच्या अध्यक्षांनी एके दिवशी मला बोलावलं. फारच सभ्य माणूस. वाईट बातमी देतानासुद्धा ‘आपण बसा’ म्हणणारा. म्हणाले, “वरच्या लाकडी दालनात दिवसभरात माणूस चढत नाही. कंपन्यांना सभागृह हवं असतं. खोली मोठी आहे.” वस्तू खोक्यांत भरून तळघरात जातील, असंही म्हणाले. आमच्या तळघरात गेलेली वस्तू परत वर आलेली मी पाहिलेली नाही.

मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले. शेवटी ते म्हणाले, “दिवाळीपर्यंत बघू. ते फोनचं सुरू होतंय ना, त्यातच कळेल. ज्या दालनात लोक सर्वांत कमी रस घेतील, ते बंद.”

ते फोनचं म्हणजे काय, तर आयटीतल्या एका बाईंचं डोकं. पस्तिशीच्या, विदर्भातल्या, विश्रांतवाडीला राहणाऱ्या, खराडीच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुलीला घेऊन संग्रहालय बघायला आल्या आणि कंटाळून गेल्या. गेल्या त्या परत आल्या, म्हणाल्या, मी तुम्हाला फुकट काहीतरी करून देते. प्रत्येक वस्तूखाली काळ्या-पांढऱ्या चौकोनांची एक चकती चिकटवायची. बघणाऱ्यानं फोन धरला की माझी चिठ्ठी फोनवर उघडणार, तिच्याखाली त्याला वाटेल ते लिहिता येणार, फोटो टाकता येणार, आपल्या माणसांना पाठवता येणार. दुसऱ्यांनी त्यावर उत्तर द्यायचं. दर शनिवारी येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं चकत्या लावल्या.

“म्हणजे वस्तूंची निवडणूक लावताय,” मी म्हटलं.

“असं नाही हो ताई,” त्या म्हणाल्या. “वस्तूपाशी लोकं गप्पा करतील न, तर थांबतील.”

“इथे शांतता राखा अशी पाटी आहे. मीच लिहिली आहे.”

पण चाललं ते. पितळी भांड्यांच्या दालनात शेरेच शेरे पडायला लागले. ‘माझ्या मावशीकडे सेम डबा होता.’ ‘आमच्या आईनं मोडीत दिला, आता हळहळते.’ शस्त्रांच्या दालनात मुलं तलवारींसमोर छाती काढून फोटो टाकत. माझ्या लाकडी दालनात तीन आठवड्यांत एक शेरा: ‘वरचा पंखा चालत नाही.’

उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे दिलं होतं; चिठ्ठ्या माझ्या म्हणून. मी लिहिलं, ‘पंखा संग्रहातील नाही.’

झालं! दुसऱ्या दिवशी त्या विदर्भवाल्या बाईंचा फोन. हसू आवरत नव्हतं त्यांना. “ताई, तुमचं उत्तर लोकं एकमेकांना पाठवून राहिले.” मग काय, मला हुरूप आला. ‘फारच लहान आहे’ या शेऱ्यावर, ‘जवळ जाऊन पाहावे.’ ‘ही वस्तू विकत मिळेल का’ या चौकशीवर, ‘नाही. आपणही विकायला काढू नये.’ कोणी नुसता अंगठा दाखवला तर, ‘अंगठा पोचला. मत कळवावे.’ लोक माझी बोलणी खायला यायला लागले, खरंच सांगते. आणि वर चढायला लागले. मला इतका आनंद झाला होता की लपवता येत नव्हता. संध्याकाळी घरी जाऊन मी फोडणी देता देता शेरे वाचत बसायची.

आणि अशात उदबत्तीच्या घराखाली एका माणसानं लिहिलं, ‘मॅडम हे चाडं हाय. पेरणीचं. उलटं ठेवलंय.’

माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं! नावापुढे ‘वारजे’ लिहिणारा कोणी माणूस येतो काय, दोन मिनिटं बघतो काय, आणि मला शिकवतो काय! मी लिहिलं, ‘वस्तू गेली बावीस वर्षे सरळच आहे. पाहणाऱ्याने सरळ उभे राहून पाहावी.’ स्वतःवर खूश होऊन मी चहा प्यायले.

या उत्तराला कोणी हसलं नाही. त्यानं ते घरच्या ग्रुपवर टाकलं, तिथून भावकीच्या, तिथून गावाच्या. वारज्यापासून खडकवासल्यापर्यंत जी गावं आता शहरात आली आहेत, तिथल्या माणसांनी दोन दिवसांत आमच्या त्या चकतीखाली रांग लावली. ‘आमच्या माळ्यावर होतं.’ ‘माझी आत्या धरायची.’ ‘आमच्या जमिनी घेतल्या, आता आम्हालाच शिकवा.’ एकानं नुसतं लिहिलं, ‘उदबत्ती लावा मॅडम.’ ते मला झोंबलं. आधीचं सगळं रागानं वाचलं होतं, पण हे झोंबलं.

अध्यक्षांनी बोलावलं. या खेपेला ‘आपण बसा’ नाही. “संस्थेची शोभा झाली. तो सगळा मजकूर आजच्या आज काढायला सांगा. ती वस्तूही काढा. आणि दिवाळीपर्यंत थांबण्यात आता मला काही अर्थ दिसत नाही.”

म्हणजे दालन गेलं. माझ्या एका वाक्यानं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या आधी मी वर गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. ती वस्तू काढली, टेबलावर ठेवली आणि उलटी केली. म्हणजे सरळ केली. घुमटी नव्हतीच ती, वाडगं होतं. आतून लाकूड इतकं गुळगुळीत झालं होतं की तेल लावूनसुद्धा तसं होत नाही. मी दरवर्षी बाहेरून तेल लावत होते, आत कधी बोट घातलं नव्हतं. पानांची वेलही आता कुठे वर चढताना दिसली; इतकी वर्षं ती खाली लोंबत होती आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला एकदम रडू आलं. लाजेनं. दुसरं काही नाही, लाजेनंच.

तेवढ्यात विदर्भवाल्या बाई आल्या. अध्यक्षांनी त्यांनाही फोन केला होता. मजकूर काढायला. त्या टेबलाशी येऊन थांबल्या आणि वाडग्यावर वाकल्या. मग म्हणाल्या, “ताई, माझ्या बापाच्या घरी तीन होते असे. मी याच्याखाली माझ्या हातानं चकती लावली. पण मी लेबल वाचलं न, वस्तू पाहिलीच नाही.”

“माझं अक्षर चांगलं आहे ना,” मी म्हटलं.

त्यांनी फोन काढला. “एक बटन दाबलं का सगळं जाते. तुमचं उत्तरही जाते. कोणाला काही दिसणार नाही.”

खरं सांगू? दाबावंसं वाटलं. आमच्यात चूक झाली तर माणूस पाटी बदलतो आणि पूर्वीपासून हीच पाटी होती असं सांगतो. मीही तसं केलेलं आहे, तेही एकदाच नव्हे. पण ते लाकूड समोर होतं. कोणीतरी बाई आयुष्यभर त्यात हात घालत आली होती, आणि मी तिचं काम पालथं घालून वर उदबत्त्या लावायला निघाले होते. मी म्हटलं, “काढू नका. मला लिहायचंय.” आणि लिहिलं: ‘मी चुकले. हे चाडे आहे. बावीस वर्षे मीच उलटे ठेवले होते. ज्यांना माहिती आहे त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता यावे आणि मला शिकवावे.’

पाठवलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. नोकरी जाईल असं वाटलं होतं, ते वेगळंच; पण ‘मी चुकले’ हे दोन शब्द मी लग्न झाल्यापासून नवऱ्यालाही म्हटले नव्हते.

रविवारी दहाला पाच कमी असताना फाटकाशी चार पांढऱ्या गाड्या लागल्या. आमच्या बोळात एक लावायची पंचाईत. पुढच्या गाडीतून तो शेरा लिहिणारा उतरला. चाळिशीचा, गळ्यात जाड साखळी, बांधकामाचा व्यवसाय. मी मनाची तयारी करून उभी होते. तो म्हणाला, “मॅडम, मी न्हाई शिकवनार. मला तरी कुठं येतंय? आईला आणलंय.”

आई सत्तरीच्या पुढची. नऊवारी, कपाळावर गोंदण, गुडघे गेलेले. खालीच वस्तू आणून दाखवते म्हटलं तर ऐकेचना. एकेक पायरी चढत, प्रत्येक पायरीला मुलाला शिव्या घालत वर आली. कपाटापाशी उभी राहिली, चाडं हातात घेतलं, आत बोटं फिरवली. मग माझ्याकडे बघितलं.

“पालथं ठिवनारी तूच व्हय?”

“हो.”

“पेरा उरकला की आमीबी पालथंच ठिवायचो माळ्यावर. तुझा पेरा लई बिगीनं उरकला बाई.”

सगळे हसले. मीही हसले. अहो, इतकं नेमकं मला कोणी सुनावलं नव्हतं कधी!

मग तिनं विचारलं, नळ्या कुठायत? मी म्हटलं कसल्या नळ्या, आणि विचारता विचारताच माझ्या लक्षात आलं. त्याच दालनात, पलीकडच्या कपाटात, माझ्याच अक्षरात: ‘बांबूच्या नळ्या. उपयोग अज्ञात.’ त्या आणल्या. तिनं तिन्ही भोकांत त्या अशा घट्ट बसवल्या की जणू कालच काढून ठेवल्या होत्या. वरच्या वाडग्यात बी सोडायचं, ते तीन नळ्यांतून तीन तासांत पडतं, म्हणजे जमिनीतल्या तीन रेघांत, एवढं तिनं सांगितलं आणि थांबली. “असं सांगून कळत न्हाई. ज्वारी आन.”

समोरच्या वाण्याकडून ज्वारी आली. तिनं मुलाला चाडं दोन्ही हातांनी पुढे धरायला लावलं, नळ्यांची टोकं फरशीपाशी. आपण बाजूला उभी राहिली, पदर खोचला, मूठ भरली आणि म्हणाली, “चल. बैलावानी चाल, मानसावानी नगं.”

तो चालायला लागला. ती त्याच्या बाजूनं. मघाशी जिन्यात विव्हळणारी ती बाई हीच, हे सांगून खरं वाटलं नसतं. मूठ चाड्यावर, करंगळीकडून दाणे सुटताहेत, बाकी हात हालत नाही. शहाबादी फरशीवर तीन रेघा उमटत गेल्या. दाण्यामागे दाणा, बोटभर अंतरानं. खिडकीपासून दारापर्यंत. विदर्भवाल्या बाई फोन धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

“माझ्या मुठीसाठी लोक धा कोस गाडी धाडायचे,” म्हातारी म्हणाली. “ह्याला इचार. आता आमच्या रानात बारा मजले उभे हायत. पर ती जिमीन म्या पेरलीया, ह्या हातानं.”

मुलगा मान वळवून बघत होता. सहा-सात वर्षांचा असताना शेवटचं पाहिलं असेल त्यानं हे.

नेमके तेव्हाच अध्यक्ष दारात आले. खाली गाड्या पाहून चढले असणार. फरशीवर धान्य, दालनात तीसेक माणसं. “हे काय चाललंय काय?” म्हणून ते आत पाऊल टाकणार, तोच म्हातारी कडाडली, “आरं थांब! तासात पाय देतूस व्हय?”

अध्यक्षांचा पाय हवेतच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, चपला दाराबाहेर काढल्या आणि भिंतीला पाठ लावून कडेकडेनं आत आले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कोणाचं मुकाट्यानं ऐकताना पाहिलं. जाताना एवढंच म्हणाले, “ठीक आहे. दिवाळीपर्यंत बघू.”

ते चित्रीकरण त्या चकतीखाली लागलं, आणि त्यानंतर जे झालं ते मी ऊर भरून सांगते, कोणाला बढाई वाटली तर वाटो. माणसं ते फोनमध्ये बघून आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन यायला लागली. ज्यांची म्हातारी माणसं लांब होती ते वस्तूसमोर फोन धरून गावाकडे लावायचे, पलीकडून कोणी ओरडून सांगायचं हे काय आहे, आणि मी टिपून घ्यायची. कधी दोघांचं पटायचं नाही, मग चकतीखाली जोरात वाद. माझ्या एकोणीस चिठ्ठ्या खोट्या ठरल्या. एकोणीसही मी नव्यानं लिहिल्या, जुन्या फाडल्या नाहीत. नवीच्या शेजारी तशाच ठेवल्या. आणि खाली, कोणी सांगितलं त्यांचं नाव. आमच्याकडे आजवर फक्त देणगीदारांची नावं लागत.

दिवाळीआधीच्या आठवड्यात बैठक झाली. अध्यक्षांनी कागद काढला. लाकडी दालन सगळ्यांत पुढे होतं, शस्त्रांच्याही. “दालन राहील,” ते म्हणाले. “सभागृहाचं दुसरीकडे बघू. एकच गोष्ट. ते ‘मी चुकले’ वगैरे आता काढून टाका. काम झालं आहे. संस्थेच्या नावाखाली असं वाक्य कायम राहणं बरं दिसत नाही.”

मी म्हटलं, “मग दालन बंद करा.”

“काय?”

“त्या वाक्यावर ती माणसं आली. ते काढायचं असेल तर त्यांनाही काढावं लागेल, त्यांच्या नावांनाही. मग खोलीत राहतं काय? लाकूड. ते तळघरातही राहील.”

हे मी बोलून गेले. बावीस वर्षांचं माझं दालन मी माझ्याच हातानं टेबलावर ठेवलं होतं. अध्यक्षांनी चष्मा लावला, खिशातून फोन काढला आणि ती चकतीखालची यादी वाचायला लागले. वरून खाली, अंगठ्यानं एकेक सरकवत. मला वाटतं, त्यांनी ती तोवर कधी वाचलीच नव्हती. चहा आला, गार झाला. ते वाचत होते. मध्येच एकदा हसले, एकदा चष्मा काढून पुसला.

मग फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “या एका बाईंना आपण अजून उत्तर दिलेलं नाही. तीन दिवस झाले. हे बरोबर नाही.”

मी बघितलं. कोणी मुळशीकडची बाई होती. तिनं विचारलं होतं, हे दालन किती दिवस उघडं आहे? सासूबाईंना आणायचं आहे, पण त्यांना जरा बरं वाटू दे म्हणून थांबलोय.

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते गार चहा पीत होते आणि खिडकीबाहेर बघत होते. मी तिथेच, त्यांच्याच फोनवर लिहिलं, ‘सावकाश आणा. दालन उघडे आहे.’